लालबाग-परळमधील ऊन, सावली आणि बदलती वस्ती: छायाचित्रांतून नोंद कशी ठेवावी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही लालबागमधील एका तीन मजली चाळीत राहता, ती पुनर्विकासासाठी लवकरच रिकामी होणार आहे, रस्त्यापलीकडे टॉवरचे काम चालू आहे, आणि दिवसभरातील बदलता उजेड व भोवतालची बदलती वस्ती या दोन्हींची छायाचित्रांतून नोंद ठेवावी असे तुम्हाला वाटते. हाताशी मोबाइल आणि एक जुना कॅमेरा आहे. मात्र आजवर काढलेल्या फोटोंपैकी काही केवळ देखणे सूर्यास्त ठरले, आणि उरलेले एकमेकांशी ताडून पाहता येत नाहीत, अशी तुमची अडचण आहे.

माझ्या मते या अडचणीचे मूळ एकच आहे: उजेड आणि वस्ती हे तुम्ही दोन वेगळे विषय धरले आहेत. गिरणगावात ऊन कोणत्या भिंतीवर, किती वाजता आणि वर्षातील कोणत्या महिन्यांत पडते, हाच वस्तीच्या बदलाचा सर्वांत नेमका पुरावा आहे. गिरण्यांच्या करवती छपरांची आठवण असेल, तर हे लगेच पटेल. त्या छपरांच्या काचा उत्तरेकडे तोंड करून बसवलेल्या असत, कारण मागावर काम करणाऱ्याला दिवसभर सारखा, डोळ्यांत न खुपणारा उजेड हवा होता. 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्यांची धडधड हळूहळू थांबली. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीतील नियम 58 आणि 2001 मध्ये त्यात झालेला बदल यांनी गिरण्यांच्या जमिनी बांधकामासाठी खुल्या केल्या. आणि जेथे बसकी छपरे व एखादे धुराडे होते, तेथे टॉवर उभे राहिले. त्या टॉवरांची छायाचित्रे पुष्कळ निघाली आहेत. त्यांच्या सावलीत गेलेल्या गॅलऱ्यांची नोंद मात्र फार थोड्यांनी ठेवली आहे, आणि ती तुमच्यासारख्या रहिवाशानेच ठेवावी, कारण तेथे बाराही महिने हजर राहणे बाहेरच्या छायाचित्रकाराला जमत नाही.

आता थोडे गणित. मुंबई सुमारे 19 अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात भर मध्यान्हीसुद्धा सूर्य क्षितिजापासून केवळ 47 ते 48 अंश वर असतो, मार्च आणि सप्टेंबरमधील विषुवदिनांना तो सुमारे 71 अंशांवर येतो, आणि मेच्या मध्यास व जुलैच्या अखेरीस तो बरोबर डोक्यावर येतो. या दोन तारखांच्या दरम्यान मध्यान्हीचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. उगवतीची जागाही वर्षभरात सुमारे 50 अंशांनी सरकते, म्हणजे जूनमधला सूर्योदय आणि डिसेंबरमधला सूर्योदय एकाच खिडकीतून दिसेलच असे नाही. आणखी एक गोष्ट येथे सांगितलीच पाहिजे. आपल्याकडे बारा वाजले म्हणजे मध्यान्ह झाली असे सर्रास धरले जाते, पण भारतीय प्रमाणवेळ 82.5 अंश रेखांशावर बेतलेली असल्याने मुंबईत सूर्य माथ्याच्या रेषेवर येतो तो सरासरी 12 वाजून 39 मिनिटांनी. नोव्हेंबरच्या सुरुवातीस त्याहून सुमारे सोळा मिनिटे लवकर, तर फेब्रुवारीच्या मध्यास साधारण पाव तास उशिरा. सावल्यांची तुलना करायची असेल, तर घड्याळातील बारा उपयोगाचे नाहीत.

या आकड्यांचा फोटोशी संबंध असा. तुमच्या चाळीसारखी सुमारे 14 मीटर उंचीची इमारत डिसेंबरच्या मध्यान्ही जेमतेम 13 मीटर सावली टाकते. ती गल्लीतच संपते. लोअर परळमध्ये श्रीनिवास मिलच्या जागेवर उभ्या असलेल्या 280 मीटरच्या टॉवरची त्याच वेळची सावली 250 मीटरच्या पुढे जाते, आणि सूर्य 20 अंशांवर असताना तीच पाऊण किलोमीटर लांब होते. समजा, तुमच्या गॅलरीच्या दक्षिणेला 100 मीटरवर 150 मीटर उंचीचा टॉवर येणार आहे. गॅलरीतून त्याचे शिखर सुमारे 56 अंशांवर दिसेल. याचा अर्थ डिसेंबरचा मध्यान्ह-सूर्य त्याच्या मागे दडेल आणि मार्चचा त्याच्या वरून निघून जाईल. जो मनुष्य दरवर्षी मे महिन्याच्या सुट्टीत फोटो काढतो, त्याच्या संग्रहात हा बदल कधीच दिसणार नाही. त्याच्या दृष्टीने टॉवर आला एवढेच, ऊन होते तेथेच आहे. नुकसान हिवाळ्यातले असते, आणि तेही अशा दिवसांत, जेव्हा गॅलरीतले ऊन माणसांना हवेसे वाटते. एकटा टॉवर तासाभराचे ऊन खातो, पण त्याच्या शेजारी दुसरा-तिसरा उभा राहिला, की सकाळ आणि दुपार यांच्यामध्ये सलग सावली पडते. म्हणून माझा पहिला सल्ला असा, की वर्षाची मुख्य मालिका डिसेंबर-जानेवारीत घ्यावी आणि बाकीचे महिने तिला पूरक ठेवावेत.

तारखा ठरवताना सणांचा आधार घेण्याचा मोह होतो, परंतु आपले बहुतेक सण चांद्र तिथीवर असल्याने ते वर्षागणिक मागेपुढे सरकतात, आणि त्यांच्यासोबत सूर्यही सरकतो. संक्रांत याला अपवाद आहे. ती सौर असल्याने 14-15 जानेवारीलाच येते, सूर्य दरवर्षी त्याच जागी असतो, आणि पतंगांमुळे गच्चीवर जाण्यास कोणी हरकत घेत नाही, हा वरचा लाभ. 26 जानेवारी आणि 1 मे हेही सोयीचे आहेत. एखादा दिवस हुकला, तर वर्षभर थांबण्याची गरज नसते, कारण सूर्य वर्षातून दोनदा त्याच उंचीच्या मार्गाने जातो: फेब्रुवारीच्या मध्यास असलेला मार्ग ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात पुन्हा येतो. मात्र हवा सारखी नसते. ऑक्टोबरात पावसाने धुतलेल्या हवेत सावलीची कड धारदार पडते; फेब्रुवारीच्या धुरकट सकाळी तीच कड विरघळलेली दिसते. हा फरक इमारतींमुळे पडलेला नाही हे पाहणाऱ्याला कळावे, यासाठी हवेची अवस्था प्रत्येक फोटोच्या नोंदीत लिहावी.

जागा निश्चित करणे हे वेळेइतकेच महत्त्वाचे आहे, आणि गिरणगावात ते अधिक कठीण आहे. पुन्हा त्याच ठिकाणी उभे राहता यावे म्हणून लोक फुटपाथवरचा एखादा दगड किंवा गटाराचे झाकण लक्षात ठेवतात. रस्त्याचे काँक्रिटीकरण झाले, की खूण गेली. त्याऐवजी दोन दूरच्या कडा एका रेषेत आणाव्यात. उदाहरणार्थ, धुराड्याची डावी कड आणि एखाद्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीचा कोपरा जेथून एकमेकांना चिकटलेले दिसतात, ती रेषा. तिला छेदणारी दुसऱ्या बाजूची अशीच एक रेषा. आणि या दोन रेषा जेथे मिळतात ती तुमची जागा. जवळची वस्तू आणि दूरची वस्तू यांच्यातील अंतर जितके जास्त, तितकी जागा अचूक सापडते. खुणा निवडताना त्या वेगवेगळ्या वयाच्या असाव्यात, कारण एका काळात बांधलेल्या इमारती बहुधा एकाच काळात पाडल्या जातात. देऊळ, रेल्वेमार्ग आणि जुन्या गिरणीची कुंपणाची भिंत या गोष्टी पुष्कळ टिकतात. होर्डिंग आणि झाड यांच्यावर विसंबू नये.

कधी कधी उभे राहण्याची जागाच नाहीशी होते. लोअर परळचा डिलाइल पूल जुलै 2018 मध्ये बंद झाला आणि 2023 च्या अखेरीस पूर्ण खुला झाला; प्रभादेवी स्थानकाजवळचा एल्फिन्स्टन पूल सप्टेंबर 2025 मध्ये पाडण्यासाठी बंद झाला. पुलावरून रुळांच्या दोन्ही अंगांची वस्ती एका नजरेत दिसते, आणि नवा पूल त्याच उंचीचा व त्याच कठड्याचा नसतो. त्यामुळे पूल, गच्ची, जिन्याचा वरचा टप्पा अशा जागांवरून आधी फोटो काढून घ्यावेत, रस्त्यावरचे नंतर. तुमची स्वतःची गॅलरीही याच यादीत येते, किंबहुना ती पहिली.

चौकटीविषयी एकच आग्रह धरतो: वर आकाश सोडा. फोटो नेटका दिसावा म्हणून आपण समोरच्या चाळीचे कौलारू छप्पर चौकटीच्या वरच्या कडेला टेकवतो, आणि पाच वर्षांनी त्या छपरामागून चाळीस मजले वर आले, की दाखवायला जागाच उरत नाही. गिरणगावातील बदल वरून येतो. कॅमेरा उभा धरावा, आणि भिंतींच्या उभ्या रेषा तिरक्या होऊ नयेत म्हणून कॅमेरा वर न झुकवता सरळ ठेवावा. झूम करू नये. मोबाइलची मुख्य भिंग, तीही नेहमी तीच. मोबाइलमधील होकायंत्रावर फार भरवसा ठेवू नका, लोखंडी सळ्यांच्या सान्निध्यात तो भलतीच दिशा दाखवतो. नकाशावर रस्त्याची दिशा पाहून घेणे बरे.

मोबाइलचा दुसरा दोष अधिक घातक आहे. आजचे फोन आपणहून सावली उजळतात आणि ऊन मंद करतात, कारण विकत घेणाऱ्याला तसा फोटो आवडतो. तुमच्या कामात मात्र सावली हाच विषय आहे. म्हणून एचडीआर (ऊन-सावलीतला फरक कमी करणारी सोय) आणि रात्रीचा मोड बंद करावा, शक्य असेल तेथे रॉ स्वरूपात, म्हणजे फोनने फेरफार न केलेल्या मूळ फाइलमध्ये, फोटो घ्यावा, आणि व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाची रंगछटा जुळवणारी सोय, आपोआप न ठेवता उन्हासाठी असलेल्या ठरावीक मापावर, म्हणजे सुमारे 5500 केल्विनवर, कायम ठेवावा. असे केले, की सकाळचे कोवळे ऊन पिवळसर, निरभ्र आकाशाखालची सावली निळसर आणि मळभ असलेला दिवस राखाडी दिसतो, आणि हा फरक पुसला जात नाही. एक्स्पोजर, म्हणजे फोटो किती उजळ यावा ते माप, उन्हातल्या भिंतीवर लावून कुलूपबंद करावे. सावली काळी पडली तरी चालेल. जुना कॅमेरा असेल, तर एकाच मालिकेसाठी तोच शेवटपर्यंत वापरावा, मधेच नवा घेऊ नये.

सूर्योदय-सूर्यास्ताच्या सोनेरी उजेडाबद्दल माझे मत थोडे कडवट आहे. त्या उजेडात पत्र्याची शेड आणि संगमरवरी लॉबी सारखीच सुंदर दिसते, आणि म्हणूनच तो नोंदीसाठी कमी उपयोगाचा आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्ग साधारण उत्तर-दक्षिण जातो. त्यामुळे सकाळी त्याची पश्चिमेकडची दुकाने उजळतात, दुपारनंतर पूर्वेकडची, आणि मध्यान्हीला दोन्ही बाजूंच्या छज्जांखाली आखूड, कठोर सावल्या पडतात. 2011 मध्ये लालबागचा उड्डाणपूल वाहतुकीस खुला झाल्यापासून या वेळापत्रकात मध्येच एक लांबलचक पट्टा शिरला आहे. पुलाखालून रस्ता ओलांडणारा माणूस भर दुपारी उन्हातून काळोखात आणि पुन्हा उन्हात जातो. हे दृश्य सोनेरी वेळेत दिसतच नाही. दिवसभराची मालिका एकाच जागेवरून घ्यायची झाल्यास ती दर तासाला घ्यावी, आणि सुट्टीच्या दिवसाऐवजी कामाच्या दिवशी, कारण दुकानदार ताडपत्री कधी ओढतो आणि कधी गुंडाळतो, भाजीवाली आपली टोपली कोणत्या वेळी पलीकडच्या फुटपाथवर नेते, हीसुद्धा उन्हाचीच नोंद आहे.

आता ज्या टप्प्याकडे जवळजवळ सर्वांचे दुर्लक्ष होते, त्याविषयी सविस्तर लिहितो. पुनर्विकासाचा क्रम तुम्हाला ठाऊक आहे: भिंतीवर नोटीस, मग खोल्या रिकाम्या होणे, दारे-खिडक्या काढून नेणे, भोवती पत्रे ठोकणे, पाडकाम, खड्डा, पायलिंग, आणि नंतर हिरव्या जाळीत गुंडाळलेला सांगाडा. लोक जुन्या चाळीचा अखेरचा फोटो काढतात आणि नंतर थेट तयार टॉवरचा. पण चाळ पाडली गेल्यापासून सांगाडा वर येईपर्यंतच्या काळात तिच्या मागच्या इमारतीवर असे ऊन पडते, जे कित्येक दशकांत तेथे पडलेले नसते. अंधाऱ्या जिन्यात दुपारी तिरीप येते, मोरीच्या भिंतीवरचे शेवाळ वाळते, कोणीतरी गॅलरीत तुळस आणून ठेवते, वाळवण घातले जाते. हे उसने ऊन काही महिने टिकते. काम रखडले तर काही वर्षेही टिकते, आणि तेथील मुले ते कायमचेच आहे असे समजून मोठी होतात. मग सांगाडा एकेक मजला चढतो आणि ऊन एकेक खोली सोडते, सामान्यतः खालच्या मजल्याची आधी. हा सारा काळ एका ठरावीक जागेवरून, दर पंधरवड्याला, त्याच सौर वेळी (म्हणजे घड्याळाऐवजी त्या दिवसाच्या खऱ्या मध्यान्हीपासून मोजलेल्या वेळी) टिपला, तर इमारत न दाखवताही तिचे बांधकाम दाखवता येते: फक्त मागच्या भिंतीवरील सावलीची कड वर सरकत जाते. तुमच्या समोरचे काम आज ज्या टप्प्यात आहे, तेथूनच ही मालिका सुरू करा. ती तुमच्या संग्रहातील सर्वांत मोलाची ठरेल असे मला वाटते.

खोलीतील कवडशांचीही अशीच नोंद करता येते. दाराच्या फटीतून किंवा कौलाच्या भोकातून जमिनीवर पडणाऱ्या कवडशाचा फोटो वरून सरळ घ्यावा, शेजारी मोजपट्टी आणि घड्याळ ठेवावे. उत्तरेकडे तोंड असलेल्या गॅलरीत ऊन कधीच येत नाही, हा समज या निमित्ताने दुरुस्त होतो; मार्चअखेरपासून सप्टेंबरपर्यंत तेथे सकाळ-संध्याकाळ ऊन येऊ शकते, पावसाळी ढगांमुळे ते आपल्या लक्षात येत नाही इतकेच.

काचेच्या इमारतींनी या सगळ्यात नवीच गुंतागुंत आणली आहे. पश्चिमेकडे तोंड असलेली काचेची भिंत दुपारनंतर ऊन परतवते आणि रस्त्यापलीकडच्या घरांवर, जेथे त्या वेळी सावली असायला हवी, तेथे हिरवट-निळसर पट्टे पडतात. फोटोत दोन दिशांच्या सावल्या दिसल्या, की एक सूर्याची आणि दुसरी काचेची असे समजावे, व दोहोंपैकी कोणती कशाची ते नोंदीत लिहावे.

पावसाळ्यात कॅमेरा कपाटात ठेवू नये. ढगाळ उजेड सर्व बाजूंनी सारखा येतो, त्यामुळे भिंतींचे रंग, तडे, पाट्यांवरची अक्षरे, छपरांवर पसरलेल्या निळ्या ताडपत्र्या यांचा तपशील जून ते सप्टेंबर या काळात जितका स्वच्छ मिळतो, तितका उन्हाळ्यात मिळत नाही. इमारतीच्या दर्शनी भागाची नोंद मी पावसाळ्यातच घ्यायला सांगतो. त्याच वेळी जोत्याकडेही पाहावे. रस्ते पुन्हा पुन्हा उंचावल्याने पुष्कळ जुन्या चाळींच्या पायऱ्या जमिनीत गेल्या आहेत. आज किती पायऱ्या दिसतात, हे एका फोटोत मोजता येते, आणि पाणी कोठे शिरते तेही.

जुन्या फोटोंचा शोध घ्यायचा असेल, तर पहिल्यांदा गणेशोत्सव मंडळाकडे जावे. मंडळांच्या स्मरणिका, आगमन-विसर्जनाचे अल्बम आणि घरोघरची लग्नाची छायाचित्रे यांच्या पार्श्वभूमीत सारी गल्ली उभी असते. विसर्जनाच्या फोटोचे वर्ष माहीत असेल, तर अनंत चतुर्दशीची तारीख पंचांगातून मिळते, आणि तारीख व रस्त्याची दिशा हाती असली, की माणसांच्या सावल्यांवरून फोटो साधारण किती वाजता काढला हे ठरवता येते. मग त्याच तारखेच्या आसपास, त्याच वेळी, त्याच जागी उभे राहून आजचा फोटो घ्यावा. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथील बीडीडी (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट) चाळींमधील रहिवाशांनी तर हे काम तातडीने करावे, कारण 1920 च्या दशकात बांधलेल्या या तळमजला अधिक तीन मजली इमारतींची रचना एकसारखी आहे, आणि वरळीत 2025 मध्ये नव्या टॉवरमधील पहिल्या 556 घरांच्या चाव्या दिल्याही गेल्या आहेत. जुन्या चाळीच्या सामाईक मार्गिकेतला उजेड आणि चाळिसाव्या मजल्याच्या लॉबीतला उजेड यांची जोडी जो रहिवासी दोन्हीकडे राहिला आहे, त्यालाच काढता येईल.

माणसांविषयी थोडे. चाळीची गॅलरी दिसायला उघडी असली, तरी ती लोकांच्या घराचा भाग आहे. दोरीवरचे कपडे, दारात बसलेल्या आजी, आंघोळीहून येणारे शेजारी चौकटीत येणार असतील, तर आधी विचारावे आणि छापलेली एक प्रत त्यांना द्यावी; पुढची परवानगी आपोआप मिळते. रस्त्यावरून इमारतीचे छायाचित्र घेण्यास 1957 च्या स्वामित्व हक्क कायद्याची आडकाठी नाही, कारण त्याचे कलम 52 वास्तूच्या छायाचित्रणाला मोकळीक देते. रेल्वेच्या हद्दीत मात्र परवानगीवाचून ट्रायपॉड उभारू नये, आणि बांधकामाच्या पत्र्यांआड डोकावण्यासाठी आत शिरू नये. तेथील रखवालदाराशी ओळख ठेवली, तर समोरच्या इमारतीचा जिना त्याहून चांगला कोन देतो.

शेवटी जपणुकीचे. फाइलच्या नावात वर्ष-महिना-दिवस, वेळ आणि जागेचा ठरावीक संकेत असावा, त्याच क्रमाने. मूळ फाइलला हात लावू नये. उजळपणा बदललेली प्रत वेगळी ठेवावी. प्रत्येक मालिकेसोबत साध्या मजकुराची एक फाइल असावी, आणि तिच्यात उभे राहण्याची जागा व तिच्या दोन रेषा, कॅमेरा, हवेची अवस्था आणि त्या दिवशी परिसरात काय चालू होते ते दोन ओळींत लिहावे. संग्रहाच्या दोन प्रती दोन वेगळ्या घरांत ठेवाव्यात, कारण संक्रमण शिबिरात किंवा भाड्याच्या घरात सामान हलवताना हार्ड डिस्क हरवण्याची शक्यता मोठी असते. एक प्रत मंडळाच्या कार्यालयाला दिली, तर चाळ रिकामी झाल्यावरही ती मागणाऱ्याला सापडेल. चाळ सोडण्याची तारीख ठरली, की तुमच्या गॅलरीच्या दोन रेषा जमिनीवरून कोठून दिसतात ते आधीच शोधून ठेवा, म्हणजे पुढच्या डिसेंबरात मालिका रस्त्यावरून चालू ठेवता येईल.